नाव कोण सांगणार?

शेलूबाजारात सायकल शर्यतीवरून दोन माणसं तासभर भांडतात, हे बाहेरच्याला पटणार नाही. कारंजा-मालेगाव रस्त्यावरचं हे मंगरुळपीर तालुक्यातलं बाजारगाव. समृद्धी महामार्गाचं इंटरचेंज जवळ आल्यापासून इथं बोलणं असतं ते मोठ्या गाड्यांचं आणि जमिनीच्या भावाचं. त्या महामार्गावर सायकलला प्रवेशही नाही. तरी जुलै महिन्यात संध्याकाळी टूर दि फ्रान्स लावून बसणारं एक घर गावात आहे. ते एका निवृत्त क्रीडाशिक्षकाचं. त्यांना सगळे ‘सर’ म्हणतात. पहाटे ते पोलीस भरतीच्या पोरांना पळवतात आणि हातात अजूनही घड्याळ घेऊन उभे राहतात. दुसरा माणूस त्यांचाच जुना विद्यार्थी. त्याचं औषधाचं दुकान आहे, म्हणून तो ‘मेडिकलवाले’. दोघांची नावं मुद्दाम देत नाही.

वादाला निमित्त झालं पुण्याचं. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या घाटांतून ‘पुणे ग्रँड टूर’ झाली, परदेशी संघ आले, आणि महाराष्ट्रातल्या लोकांनी व्यावसायिक सायकलपटूंचा तो वेगानं सरकणारा घोळका रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहिला. मेडिकलवाल्यांनी सहज विचारलं, उद्या अशा शर्यतीत उत्तेजक घेऊन पकडला गेलेला आणि बंदी भोगून परत आलेला कुणी सायकलपटू आला, तर त्याच्यासाठी टाळ्या वाजवायच्या की नाही?

सर : मी तर टीव्ही बंद करीन.

मेडिकलवाले : तुमी टीव्ही बंद कराल, त्यानं त्याले काय फरक पडते? मी साधं इचारतो, सर. दोन वर्षाची बंदी देल्ली, त्यानं भोगली. आता हिशोब बरोबर झाला का नाही? खुनाचा कैदी बी कवा ना कवा सुटून गावात येते.

सर : सुटून येतो, येऊ दे. त्याला कोणी पोलीस पाटील करत नाही.

मेडिकलवाले : आता बाप्पा! नरसिंगले तं केलं नं.

नरसिंग यादवचं नाव निघालं की कुस्ती बघणाऱ्यांत अजूनही दोन तट पडतात. कुटुंब वाराणसीकडचं, पण पोरगा मुंबईत वाढला, कांदिवलीच्या ‘साई’च्या, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या, केंद्रात जगमाल सिंग यांच्या हाताखाली तयार झाला आणि २०११, २०१२, २०१३ अशी लागोपाठ तीन वर्षं महाराष्ट्र केसरीची गदा घेऊन गेला. महाराष्ट्र पोलिसांत अधिकारी झाला. २०१५ साली लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवून त्यानं ७४ किलो गटात रिओ ऑलिंपिकची जागा देशासाठी आणली. चाचणी कुस्ती घ्या म्हणून त्याच गटातला पैलवान सुशीलकुमार दिल्ली उच्च न्यायालयात गेला, तिथं त्याचं काही चाललं नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २०१६ च्या जुलैत, नरसिंगच्या नमुन्यात मेथँडिनोन नावाचं स्टेरॉइड निघालं. सोनीपतच्या शिबिरात आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी ते कालवलं, असं तो म्हणाला. १ ऑगस्टला आपल्या नाडानं, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेनं, त्याचं म्हणणं मान्य करून त्याला सोडलं. जागतिक संस्था ‘वाडा’ त्याविरुद्ध क्रीडा लवादाकडे गेली. १८ ऑगस्टला रिओतच सुनावणी झाली आणि उद्या कुस्ती आहे अशा रात्री चार वर्षांची बंदी त्याच्या हातात पडली. कट झाल्याची गोष्ट लवादाला पटली नव्हती. बंदी २०२० मध्ये संपली, त्याच डिसेंबरात तो बेलग्रेडला पुन्हा मॅटवर उतरला, आणि एप्रिल २०२४ मध्ये कुस्ती महासंघाच्या खेळाडू आयोगाचा अध्यक्ष निवडून आला. मेडिकलवाल्यांचा ‘केलं नं’ हा टोला त्यावरचा.

सर : त्या सगळ्या प्रकरणात मला नरसिंगपेक्षा जास्त टोचतो तो प्रवीण राणा. त्याचं नाव तुला आठवतं का? नाही आठवणार. नरसिंग पकडला गेला तेव्हा त्याच्या जागी राणाचं नाव पाठवलं. नरसिंगला नाडानं सोडलं तेव्हा राणाचं नाव मागं घेतलं. अन् शेवटी काय झालं? ७४ किलोत भारताचा एकही पैलवान मॅटवर उतरला नाही. तू दुसरी संधी दुसरी संधी म्हणतोस ना, ती अशी असते. एकाला दुसरी द्यायच्या नादात दुसऱ्याची पहिली गेली.

मेडिकलवाले : राणावर अन्याय झाला, हे मान्य. पण तो नाडानं केला, महासंघानं केला, तारखा चुकल्या. नरसिंगनं थोडंच सांगतलं होतं का राणाले काढा म्हणून?

सर : सांगितलं नसेल. पण जागा त्याच्यासाठीच रिकामी केली ना?

मेडिकलवाले : बरं. माह्यं वेगळंच म्हणणं हाये. तो खरं बोलत असन, तं कोणीतरी कालवलं. खोटं बोलत असन, तं कोणीतरी आणून देल्लं. दोन्हीकडून आणखी एक माणूस निघतेच. प्रकरण सीबीआयलोक गेलं. त्या दुसऱ्या माणसाले कोणी चार वर्ष घरी बसवलं, असं आयकलं का तुमी?

सरांनी उत्तर दिलं नाही. मला वाटतं, सगळ्या वादाचा काटा इथंच होता, पण दोघंही तो सोडून पृथ्वी शॉकडे वळले. अशा गप्पांत तसं होतंच.

विरारच्या पृथ्वी शॉचं प्रकरण २०१९ चं. फेब्रुवारीत इंदूरला मुश्ताक अली स्पर्धेत घेतलेल्या नमुन्यात टर्ब्युटालिन निघालं. आपण खोकल्याचं औषध घेतलं होतं, हे त्याचं स्पष्टीकरण क्रिकेट मंडळानं मान्य केलं. आठ महिन्यांची बंदी ३० जुलैला जाहीर झाली, पण मोजली गेली मार्चच्या मध्यापासून. त्यामुळे जाहीर झाली तेव्हाच ती निम्म्याहून जास्त संपलेली होती. नोव्हेंबरात तो परतला आणि आसामविरुद्ध ३९ चेंडूंत ६३ धावा काढल्या. पुढच्या फेब्रुवारीत न्यूझीलंडमध्ये कसोटी खेळत होता.

मेडिकलवाले : टर्ब्युटालिन असलेल्या खोकल्याच्या बाटल्या आत्ता माह्या दुकानात उभ्या हायेत. श्वासनळी मोकळी करते ते. आई-बाप लहान पोराले पाजतात. एकोणीस वर्षाचा पोट्टा, रात्री खोकला लागला, बाटली घेतली. त्याले काय आयुष्यभर खेळू नका म्हणसान?

सर : नाही म्हणणार. शॉला आठ महिने पुरे होते. पण देशासाठी खेळलेल्या माणसानं डॉक्टरला न विचारता बाटली तोंडाला लावली, ही चूक लहान नाही. अन् एक सांग, हाच खोकला एखाद्या जिल्ह्याच्या संघातल्या पोराला झाला असता, तर त्याच्यासाठी वकील कोण उभा राहिला असता? बंदी मागच्या तारखेपासून मोजा, असं सांगायला कोण गेलं असतं?

इथं सरांचा मुद्दा सरळ आहे आणि मला तो पटतो. क्रिकेट मंडळ तेव्हा नाडाच्या कक्षेत नव्हतंही. त्यानं नाडाचा अधिकार मान्य केला तो त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, म्हणजे शॉचा निकाल लागल्यावर काही दिवसांनी. स्वतःच तपासायचं, स्वतःच शिक्षा द्यायची आणि स्वतःच संघ निवडायचा, असा तो कारभार होता. पण खोकल्याची बाटली आणि सायकलवाल्यांचं इपीओ एका पंगतीत बसवता येत नाही. हे सांगायला मेडिकलवालेच योग्य माणूस.

मेडिकलवाले : इपीओ कोणी चुकून घेत नाही, हे मी लिहून देतो. किडनीच्या पेशंटले डायलिसिस चालू असते, अंगात रक्त बनत नाही, तवा डॉक्टर लिहून देते. फ्रिजमधी ठेवा लागते, सुई टोचा लागते. चांगल्या माणसानं घेतलं तं रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात, प्राणवायू जास्त पोचते, डोंगर चढाले दम लागत नाही. पण रक्त घट्ट होते. रात्री झोपेत नाडी मंद झाली का त्या घट्ट रक्ताची गाठ कवा होईन, सांगता येत नाही.

सर : म्हणजे घेणाऱ्याला ठाऊक असतं.

मेडिकलवाले : शंभर टक्के. तरी मी म्हणतो, परत येऊ द्या.

सर : काहून? (सर चिडले की वऱ्हाडी बोलतात.) रिकार्डो रिकोला येऊ दिलं होतं ना? २००८ च्या टूरमध्ये दोन टप्पे जिंकला, नव्या पिढीच्या इपीओत सापडला. बंदी भोगून २०१० मध्ये परत आला. अन् २०११ च्या फेब्रुवारीत दवाखान्यात! घरच्या फ्रिजमध्ये साठवलेलं स्वतःचंच रक्त चढवलं, असं त्यानं डॉक्टरला सांगितल्याचं बाहेर आलं. मरता मरता वाचला. मग बारा वर्षांची बंदी. तुझ्या दुसऱ्या संधीनं त्याला जवळजवळ मसणात नेलं.

मेडिकलवाले : अन् पांतानीले कोणत्या संधीनं नेलं?

मार्को पांतानी हा इटलीचा लाडका चढाईबहाद्दर. १९९८ मध्ये एकाच वर्षी इटलीची जिरो आणि फ्रान्सची टूर या दोन्ही शर्यती जिंकणारा. दुसऱ्या वर्षी जिरो जवळजवळ हातात असताना मादोन्ना दि कंपिग्लियो या गावी सकाळच्या तपासणीत त्याच्या रक्ताची दाटी ५० टक्क्यांच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाली आणि त्याला शर्यतीतून काढलं. नियमानं ती फक्त पंधरा दिवसांची विश्रांती होती. पण लोकांनी, वर्तमानपत्रांनी आणि चौकशांनी त्याला पुढं कधीच सोडलं नाही. १४ फेब्रुवारी २००४ ला रिमिनीच्या हॉटेलात, कोकेनच्या अतिसेवनानं, तो मेला. वय चौतीस.

मेडिकलवाले : सगळा घोळकाच तेच करत होता, सर. एकाले धरलं, बाकीचे पुढं निघून गेले. मी पोट्ट्यायले रोज पायतो. ज्याले वाटते आता आपलं तोंड दाखवाले जागा नाही, तो औषध सोडत नाही. तो आणखी वाईट औषधाकडे जाते.

सर : सगळा घोळका नव्हता करत. तिथंच तुझी चूक होते. ख्रिस्तोफ बासों होता.

बासोंबद्दल सर बोलू लागले की थांबत नाहीत. बासों हा फेस्टिना संघातला फ्रेंच सायकलपटू. १९९८ च्या टूरमध्ये त्या संघाच्या गाडीत औषधांचा साठा सापडला आणि संघच्या संघ बाहेर फेकला गेला, तेव्हा पकडलेल्या सहकाऱ्यांनीच पोलिसांना सांगितलं की हा एकटा घेत नव्हता. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या संघातून टूरला आला आणि एका फ्रेंच वर्तमानपत्रात लिहू लागला की शर्यतीचा वेग अजूनही खरा वाटत नाही. घोळक्यानं त्याच्याशी बोलणं टाकलं. आल्प दुएझच्या टप्प्यात लान्स आर्मस्ट्राँगनं शेजारी सायकल आणून त्याला सुनावलं की असं बोलायचं असेल तर घरी जा. थोड्याच दिवसांत बासों टूर सोडून गेला, आणि २००१ मध्ये त्यानं धंदाच सोडला. आर्मस्ट्राँगनं ती टूर जिंकली आणि पुढच्या सहाही. २०१२ मध्ये उत्तेजकांपायी त्या सातही काढून घेतल्या आणि त्या जागा कुणालाच दिल्या नाहीत. यादीत त्या सात वर्षांसमोर आज कोणाचंही नाव नाही.

सर : बासोंला दुसरी संधी कोणी दिली? त्यानं तर गुन्हाच केला नव्हता, मग त्याला परत कसा बोलावणार! कोणता लवाद त्याची गेलेली वर्षं मागच्या तारखेपासून मोजून देईल? २०१० ची टूर घे. काँटाडोर जिंकला, क्लेनब्युटेरॉल निघालं, २०१२ मध्ये जेतेपद काढलं आणि अँडी श्लेकला पिवळी जर्सी दिली. एका समारंभात, टाळ्या वाजवायला पाहुणे बोलावून. पॅरिसला ती जर्सी घालून तो गेलाच नाही ना! अन् काँटाडोर? ऑगस्टमध्ये बंदी संपली, सप्टेंबरात स्पेनची वुएल्ता जिंकला.

मेडिकलवाले गप्प होते. त्यांना चहा आला होता, हेही कारण असेल. मग मी विचारलं की सर, परत आलेल्यांपैकी तुम्हाला एकही माणूस पटला नाही का? सरांनी विचार केला आणि मला अपेक्षित नव्हतं ते नाव घेतलं.

सर : डेव्हिड मिलर. ब्रिटनचा, स्कॉटिश माणूस. २००४ च्या जूनमध्ये फ्रेंच पोलिसांनी त्याला जेवताना उचललं. घरात वापरलेल्या सिरिंज सापडल्या. त्यानं कबूल केलं. २००३ चं विश्वविजेतेपद गेलं, दोन वर्षांची बंदी झाली, घर गेलं. २००६ मध्ये परत आला, आणि त्यानंतर जिथं माईक मिळेल तिथं हेच बोलत राहिला की मी घेतलं, असं घेतलं, असं देतात. वाडाच्या खेळाडू समितीवर बसला. ब्रिटिश ऑलिंपिक संघटनेचा नियम होता की असा माणूस ऑलिंपिकला आयुष्यभर नाही. २०१२ मध्ये क्रीडा लवादानं तो नियम रद्द केला आणि मिलर लंडन ऑलिंपिकच्या रस्त्यावर उतरला. मी ती शर्यत पाहिली. टीव्ही बंद केला नाही.

मेडिकलवाले : मंग झालंच की! तुमीच तुमचं म्हणणं खोडलं.

सर : नाही खोडलं. त्याच्याशेजारी स्पेनच्या वाल्वेर्देला उभा कर. २००६ मध्ये माद्रिदला डॉक्टर फुएंतेसच्या दवाखान्यातून रक्ताच्या पिशव्या जप्त झाल्या. एका पिशवीवर खुणेचं नाव. २००८ ची टूर इटलीत शिरली तेव्हा इटलीच्या ऑलिंपिक समितीनं वाल्वेर्देचं रक्त घेतलं आणि डीएनए त्या पिशवीशी जुळवला. २०१० पासून दोन वर्षांची बंदी. त्यानं काय केलं? काही नाही. कबुली नाही, कोणाचं नाव नाही. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियात पहिल्याच शर्यतीत टप्पा जिंकला. २०१८ मध्ये, अडतीसाव्या वर्षी, इन्सब्रुकला विश्वविजेता झाला. २०२२ पर्यंत खेळला. मिलरची अन् याची शिक्षा कागदावर सारखी, दोन-दोन वर्षं. जो बोलला त्याला विश्वविजेतेपद परत मिळालं नाही, आणि जो बोलला नाही तो विश्वविजेता झाला. आता सांग, गप्प बसणाऱ्यानं बोलावं कशाला?

हा प्रश्न सरांनी मेडिकलवाल्यांना विचारला, पण तो नियम करणाऱ्यांना विचारायला हवा. शिक्षा महिन्यांत मोजली जाते, आणि महिने गप्प बसूनही जातात. वाडाच्या नियमांत एक सोय आहे. दुसऱ्याचा गुन्हा उघड करायला मोठी मदत केली, तर बंदीचा तीन चतुर्थांशपर्यंत भाग माफ होऊ शकतो. आर्मस्ट्राँगविरुद्ध साक्ष देणाऱ्या त्याच्या जुन्या साथीदारांना सहा-सहा महिन्यांवर सोडलं ते अशाच तत्त्वावर, आणि ते बोलले नसते तर ती सात जेतेपदं आजही त्याच्याकडे असती. म्हणजे दुसरी संधी ही दया म्हणून दिली तर वाया जाते, सौदा म्हणून दिली तर कामी येते. हा माझा कल. त्यात एक मोठं भोक आहे, आणि ते मेडिकलवाल्यांनी लगेच दाखवलं.

मेडिकलवाले : तो फुएंतेस डॉक्टर. त्याचं काय झालं?

सर : २०१३ मध्ये वर्षभराची शिक्षा झाली, तीही स्थगित. २०१६ मध्ये वरच्या कोर्टानं सोडला. रक्त हे कायद्यानं औषधात मोडत नाही म्हणून.

मेडिकलवाले : पाहा! सायकलवाला दोन वर्ष घरी, अन् पिशवी भरणारा सुटला. मी आयुष्यभर याच बाजूनं बसलो, काउंटरच्या अल्याड. पोट्टे काउंटरच्या पल्याड येतात. तुमी फक्त पल्याडच्यायलेच शिक्षा मोजता.

मग गोष्ट पुण्यावरून, रिओवरून, माद्रिदवरून थेट शेलूच्या रस्त्यावर आली. पोलीस भरतीत शारीरिक चाचणीचे ५० गुण. पोरांसाठी १६०० मीटर धावणं २० गुणांचं, आणि पूर्ण वीस हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांत पोचावं लागतं. त्यापुढं प्रत्येक काही सेकंदांना गुण कापले जातात. वाशिम जिल्ह्यात सोयाबीनवर घर चालत नाही अशी पोरं पहाटे याच दहा सेकंदांसाठी पळतात. खुल्या गटात वयाची मर्यादा २८, मागास गटांत ३३. भरती दरवर्षी वेळेवर निघत नाही, त्यामुळे एक हुकलेली भरती म्हणजे कित्येकदा शेवटची भरती. भरतीच्या मैदानावर उमेदवारांकडे इंजेक्शनं सापडल्याच्या बातम्या महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत छापून आल्या आहेत.

मेडिकलवाले : मेफेंटरमीन. ऑपरेशनच्या टेबलावर पेशंटचा बीपी खाली गेला, तं वर आणाले भूलतज्ज्ञ देते ते. पुण्याकडे पोलिसायनं साठे पकडले. जिमवाले घेतात, भरतीवाले घेतात. हृदय असं धडधडते का पोट्ट्याले वाटते आपण उडून राह्यलो. माह्या दुकानात येऊन तोंडावर मागतात, सर. मी चिठ्ठी मागतो. चिठ्ठी नसते. मंग ते निघून जातात, अन् भेटते त्यायले कुठी ना कुठी.

सर : माझ्याजवळच्या पोरांपैकी?

मेडिकलवाले : ते नका इचारू.

सर : मी विचारतोय.

मेडिकलवाले : एक आला होता. मी देल्लं नाही. त्याचं पुढं काय झालं, तुमाले मालूम हाये. त्याले तुमी मैदानातून काहाडलं.

सर म्हणाले, हो, काढलं. त्याच्या पिशवीत सिरिंज दिसली होती. सगळ्यांसमोर काढलं आणि पुन्हा येऊ नको म्हटलं. तेव्हापासून तो पोरगा पहाटे रस्त्यावर दिसत नाही. भरतीच्या मैदानावर वाडा नाही, नाडा नाही, लवाद नाही. तिथं एकच निकाल असतो, तो सरांचा, आणि त्यावर अपील नाही. उत्तेजक चाचण्यांत दोनशेहून जास्त नमुने सदोष निघून २०२३ मध्ये भारताचं प्रमाण ३.८ टक्के झालं. पाच हजारांहून जास्त नमुने तपासणाऱ्या देशांत ते सर्वांत जास्त. पण हे आकडे ज्यांची लघवी बाटलीत घेतली त्यांचे आहेत. शेलूच्या, कारंज्याच्या, रिसोडच्या रस्त्यांवर पळणारी पोरं त्यात कुठंच नाहीत.

मेडिकलवाले : आता सांगा. मिलरले येऊ देल्लं तुमी. त्याची शर्यत पायली. मंग या पोट्ट्याले काहून नाही?

सर : मिलर बोलला. हा बोलला नाही. मी विचारलं, कोणी दिलं? खाली मान घालून उभा राहिला.

मेडिकलवाले : सगळ्यायच्या समोर इचारलं तुमी! तीस पोट्टे उभे, अन् त्यानं नाव घ्याचं? देणारा इथलाच असन. उद्या तो त्याच्या घरी जाईन. मिलरच्या मांगं वकील होते, पेपरवाले होते. याच्या मांगं कोण हाये? याचा बाप दुसऱ्याच्या वावरात जाते.

सर : मग मी काय करायला हवं होतं? त्याच्या बाजूला रोज जो पोरगा पाच मिनिटं वीस सेकंदांत धापा टाकत पोचतो, काहीही न घेता, त्याला मी काय सांगू? की बाबा, यानं सुई घेऊन पाच मिनिटं पाच सेकंद काढले, तुझा नंबर गेला, पण आपण त्याला माफ करू?

मेडिकलवाले : माफ करा, असं नाही म्हणत मी. माह्यं म्हणणं बदललं आता, तुमच्याच बोलण्यानं. येऊ द्या, पण फुकट नाही. भरतीचं हे एक वर्ष त्यानं नाही भराचा फॉर्म. घड्याळ घेऊन उभं राह्याचं, तुमच्या बाजूनं. त्या वीस सेकंदवाल्याचा टायमिंग घ्याचा.

सर : त्याचं वय सव्वीस आहे. एक वर्ष म्हणजे त्याला फार आहे.

मेडिकलवाले : त्या दुसऱ्याचं किती हाये?

सर : सत्तावीस.

दोघंही थोडा वेळ आकडेमोड करत राहिले. दुकानात गिऱ्हाईक आलं, गेलं. मला वाटलं वाद इथं मिटला, पण सर मिटू देणाऱ्यांतले नाहीत.

सर : ठीक. बोलाव त्याला. सगळ्यांसमोर नाही, माझ्या घरी. वर्षभर फॉर्म नाही, घड्याळ हातात, हे कबूल. पण नाव सांगावं लागेल. त्याशिवाय नाही. ज्यानं दिलं तो आजही देत असेल, अन् पुढचा पोरगा कोण असेल मला ठाऊक नाही.

मेडिकलवाले : अन् ते नाव माह्या धंद्यातल्या माणसाचं निघालं तं?

सर : तर तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे जाईल. लेखी. पोराची एकट्याची सही त्यावर चालणार नाही, त्याला कोणी उभं राहू देणार नाही. तू सही करशील का?

मेडिकलवाले : सर, मले याच बाजारात दुकान चालवाचं हाये. संघटनेत बसाचं हाये त्यायच्यासंग.

सर : ते मला माहीत आहे. मी सहीचं विचारलं.

मेडिकलवाले : पोट्ट्याले आधी बोलावू द्या. काय नाव घेते ते आयकू द्या.

सर : म्हणजे नावावर अवलंबून आहे.

मेडिकलवाले : तुमी मास्तर लोक लय वाईट, सर. तुमची पेन्शन चालू हाये.

सर : पहिली सही माझी. तुझी दुसरी.

मेडिकलवाल्यांनी फोन काढला, पोराचा नंबर शोधला, आणि तो लावायच्या आधी मला म्हणाले की हे सगळं तुमी लिहा, पण सहीचं पक्कं झालं असं नका लिहू. म्हणून तसं लिहिलेलं नाही.